खुपरी : निर्मूलनाचा अर्थ आणि मागे उरलेले रुग्ण

खुपरी अर्थात ट्रॅकोमा या नेत्ररोगाचे भारताने 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' निर्मूलन केले असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. संघटनेच्या आग्नेय आशिया विभागात नेपाळ (२०१८) आणि म्यानमार (२०२०) यांच्यानंतर हा टप्पा गाठणारा भारत हा तिसरा देश ठरला. १९५० व १९६० च्या दशकांत देशातील अंधत्वाच्या प्रमुख कारणांमध्ये या रोगाची गणना होत असे. १९७१ मध्ये एकूण अंधत्वापैकी पाच टक्के अंधत्व खुपरीमुळे आलेले होते. आता हे प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचे केंद्र सरकारचे म्हणणे आहे.

'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' हे शब्द या घोषणेतील सर्वांत महत्त्वाचे शब्द होत. वृत्तांच्या मथळ्यांतून मात्र तेच गळून पडले आणि 'भारत ट्रॅकोमामुक्त' एवढेच उरले. देवी या रोगाचे जसे पृथ्वीतलावरून समूळ उच्चाटन झाले, तसे खुपरीचे झालेले नाही. तिचा संसर्ग ठरावीक मर्यादेच्या खाली आला आहे. बालपणी हा संसर्ग वारंवार होऊन गेलेल्या व्यक्तीची दृष्टी जाते ती त्यानंतर वीस, तीस किंवा चाळीस वर्षांनी. त्यामुळे बालकांमधील संसर्ग आज थांबला, तरी कालच्या संसर्गाचे रुग्ण पुढील अनेक वर्षे नेत्र रुग्णालयांच्या दारात येत राहणार आहेत.

रोगाचे स्वरूप

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या अतिसूक्ष्म जिवाणूमुळे खुपरी होते. या जिवाणूच्या अनेक उपप्रकारांपैकी ए, बी, बीए आणि सी हे प्रामुख्याने डोळ्यांत आढळतात. इतर उपप्रकार जननमार्गाचे विकार निर्माण करतात आणि लैंगिक संबंधातून पसरतात. एकाच जातीच्या जंतूची ही दोन घराणी असली, तरी त्यांचे रोग, त्यांचा प्रसार आणि त्यांचे रुग्ण पूर्णतः भिन्न आहेत.

संसर्गाचा प्रारंभ बहुधा बालवयात होतो. डोळे लाल होतात, पाणी येते, कडांना चिकट स्राव साचतो. वरची पापणी उलटून पाहिल्यास आतील गुलाबी अस्तरावर साबुदाण्यासारखे फिकट उंचवटे दिसतात. या खरबरीत उंचवट्यांनाच मराठीत खुपऱ्या म्हणतात. उत्तर भारतात हा रोग 'रोहे' किंवा 'कुकरे' या नावांनी ओळखला जातो. ग्रीक भाषेतील 'ट्रॅकोमा' या शब्दाचा अर्थही खरबरीतपणा असाच आहे. सुश्रुतसंहितेत पापण्यांच्या रोगांमध्ये 'पोथकी' नावाचा विकार वर्णिला आहे. त्यात पापणीवर लाल मोहरीसारख्या पुटकुळ्या येतात, खाज सुटते, डोळा जड होतो व पाणी गळते. अनेक अभ्यासक पोथकी म्हणजेच खुपरी असे मानतात.

एका वेळच्या संसर्गाने सहसा कायमची हानी होत नाही. तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, अनेकदा औषधाविनाही, ओसरतो. परंतु त्यातून मिळणारी प्रतिकारशक्ती अल्पकाळ टिकते. त्याच घरातील दुसऱ्या बालकाकडून तोच जंतू पुन्हा डोळ्यात येतो, शरीर पुन्हा त्याच्याशी झुंजते आणि प्रत्येक झुंजीगणिक पापणीच्या अस्तरात वणाचे तंतू साचत जातात. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत माकडांवर झालेल्या प्रयोगांनी ही गोष्ट स्पष्ट केली. एकदाच संसर्ग दिलेल्या माकडांचे डोळे बरे झाले. पुनःपुन्हा संसर्ग दिलेल्या माकडांत मात्र मनुष्यातील खुपरीसारखा चिवट रोग आणि वण दिसून आले. गंभीर वण पडण्यासाठी एका आयुष्यात दीडशेहून अधिक वेळा संसर्ग व्हावा लागतो, असा काही गणिती प्रारूपांचा अंदाज आहे.

म्हणजे खुपरीला जुनाट संसर्ग म्हणण्याची रीत असली, तरी तो एकच संसर्ग वर्षानुवर्षे रेंगाळलेला असतो असे नाही. ती पुनःपुन्हा होणाऱ्या संसर्गांची मालिका असते. आणि डोळा जातो तो प्रत्यक्ष जंतूमुळे नव्हे, तर शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी निर्माण केलेल्या वणामुळे.

वण आकसू लागला की पापणीची कड आत वळते. तिच्यावरील केस बुबुळाला टेकतात आणि प्रत्येक उघडझापीबरोबर त्यावर घासू लागतात. निरोगी माणूस दर मिनिटाला सरासरी पंधरा वेळा तरी पापण्या मिटतो. हे लक्षात घेतले म्हणजे या रुग्णांच्या वेदनेची कल्पना येऊ शकते. अनेक वृद्ध स्त्रिया घरातील चिमट्याने हे केस उपटून घेतात. ते पुन्हा उगवतात, आणि नव्याने फुटलेला आखूड, ताठ केस अधिक टोचतो. सतत घासले गेल्याने बुबुळावरील पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, ओरखडले जाते, त्याला इतर जंतूंचा संसर्ग होतो आणि अखेरीस ते दुधी काचेसारखे अपारदर्शक बनते. या प्रकारे गेलेली दृष्टी सहसा परत मिळत नाही. नेत्ररोपणही अशा कोरड्या, वणग्रस्त डोळ्यात फारसे यशस्वी होत नाही.

जंतूचा शोध

रोग प्राचीन असूनही त्याचा जंतू हाती लागण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेनंतर इजिप्तहून परतलेल्या फ्रेंच आणि ब्रिटिश सैनिकांनी डोळ्यांची साथ युरोपात आणली. खुपरी हा त्या साथीचा एक मोठा भाग होता. लंडनच्या सुप्रसिद्ध मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयाची १८०५ मधील स्थापना याच पार्श्वभूमीवर झाली. पुढे शंभर वर्षांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या पापण्या बूट बांधण्याच्या आकड्याने उलटून तपासल्या जात आणि खुपरी आढळलेल्यांना परत पाठविले जाई.

१९०७ मध्ये लुडविग हाल्बरश्टेटर आणि स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक या संशोधकांनी जावा बेटावरील बटाविया येथे, म्हणजे आजच्या जाकार्तामध्ये, खुपरीच्या रुग्णाच्या डोळ्यातील खरवड ओरांगउटान वानराच्या डोळ्यात सोडली. वानराला झालेल्या संसर्गाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पेशींच्या आत, केंद्रकाजवळ, टोपीसारखे गाठोडे दिसले. पेशीने जणू झगा पांघरला आहे असे वाटल्यावरून त्यांनी झग्याच्या ग्रीक नावावरून क्लॅमिडिया या नावाचे मूळ रूप योजले. जंतू दिसला, पण वाढविता येईना. प्रयोगशाळेतील कोणत्याही खाद्यद्रवावर तो वाढत नसे, कारण जिवंत पेशीच्या आत शिरल्याशिवाय त्याला विभाजन करता येत नाही. पेशीबाहेर तो टणक कणाच्या रूपात असतो. आत शिरल्यावर त्याचे रूप पालटते, तो विभाजित होतो आणि दोन ते तीन दिवसांत शेकडो नवे कण पेशी फोडून बाहेर पडतात. या परावलंबनामुळे १९६० च्या दशकापर्यंत त्याला विषाणू समजले जात असे.

ही कोंडी बीजिंगमध्ये फुटली. तांग फेइफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यातील बलकाच्या पिशवीत हा जंतू वाढविल्याचे प्रसिद्ध केले. इतर जंतूंना आवर घालण्यासाठी पेनिसिलिनऐवजी स्ट्रेप्टोमायसिन वापरणे ही त्यातील मर्माची बाब होती. पेनिसिलिनने खुपरीचा जंतूही दबून जातो. आपण वाढविलेला जंतूच रोगाचे कारण आहे हे सिद्ध करण्यासाठी तांग यांनी तो स्वतःच्या डोळ्यात सोडून घेतला आणि त्यांना खुपरी झाली. १९५८ मध्ये, राजकीय मोहिमेत झालेल्या मानहानीनंतर, त्यांनी आत्महत्या केली. जंतू हाती आल्यानंतरच्या दशकात लशींच्या चाचण्याही झाल्या. त्यांचा परिणाम अल्पजीवी ठरला. काही चाचण्यांत तर लस दिलेल्यांना पुढील संसर्गाचा त्रास अधिक झाल्याचे दिसले. खुपरीवर उपयुक्त लस आजही उपलब्ध नाही.

प्राण्यांच्या डोळ्यांतील क्लॅमिडिया

क्लॅमिडियाच्या इतर जाती प्राण्यांच्या डोळ्यांतही रोग निर्माण करतात. मांजरांत क्लॅमिडिया फेलिस, गिनीपिगमध्ये क्लॅमिडिया कॅव्हिए आणि ऑस्ट्रेलियातील कोआला या प्राण्यात क्लॅमिडिया पेकोरम आढळतो. कोआलांना त्यामुळे अंधत्व येते आणि उपचाराविना ते दगावतात. सशांच्या बाबतीत गल्लत अधिक होते. पाळीव सशाचा डोळा महिनोन् महिने गळत राहिला की क्लॅमिडियाची शंका घेतली जाते. परंतु त्यामागे बहुधा पाश्चुरेला वा स्टॅफिलोकोकस हे जंतू किंवा दातांचा विकार असतो. सशाच्या प्रत्येक डोळ्याला अश्रू वाहून नेणारे एकच छिद्र असते आणि त्यापुढील नलिका वरच्या दातांच्या मुळांना लगटून जाते. मुळे वाढली की ती नलिका दबते, तुंबते आणि डोळा वाहू लागतो. अशा वेळी केवळ डोळ्यात औषध घालून भागत नाही, दातांची तपासणी करावी लागते.

खुपरीच्या संदर्भात लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळीच आहे. प्रयोगशाळेत वानर-माकडांना तिचा संसर्ग देता येत असला, तरी निसर्गतः तिचा साठा केवळ मनुष्यात, त्यातही मुख्यतः लहान बालकांत असतो. गाय, मांजर वा ससा यांच्यापासून ती होत नाही. पशूंमध्ये तिला आश्रय नसल्यामुळेच तिच्या निर्मूलनाचा विचार शक्य झाला.

प्रसार

बालकाच्या डोळ्यातील व नाकातील स्राव बोटांना, ओढणीला, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला लागतो आणि तेथून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. एकाच बोटाने वा सळईने सर्व मुलांना काजळ किंवा सुरमा घालण्याची प्रथा हे भारतातील प्रसाराचे एक नित्य सांगितले जाणारे कारण आहे. आफ्रिकेत आणि अन्यत्रही मस्का सॉर्बेन्स जातीची माशी बालकांच्या डोळ्यांभोवती घोंघावते. ही माशी उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेवर अंडी घालते, म्हणून शौचालय हा खुपरीप्रतिबंधाचाही भाग समजला जातो. पाणी दुरून आणावे लागते तेथे ते पिण्यास व स्वयंपाकास आधी खर्च होते आणि मुलांची तोंडे धुणे मागे पडते. कोरड्या, धुळकट आणि दाटीवाटीच्या वस्त्यांत हा रोग ठाण मांडतो तो यामुळे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बहुतेक भागांत तो औषधांनी नव्हे, तर प्रामुख्याने राहणीमान सुधारल्याने मागे हटला.

मुलांची उठबस करणाऱ्या स्त्रियांना हा संसर्ग पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक वेळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते खुपरीमुळे अंध होण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या चौपटीपर्यंत असते. मोतीबिंदू दोघांनाही होतो. खुपरीचा आंधळेपणा मात्र बराचसा आई आणि आजीच्या वाट्याला येतो.

भारतातील कार्यक्रम

१९५६ मध्ये अलीगढ येथे खुपरीविषयक पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम हाती घेण्यात आला. पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि गुजरात या प्रदेशांत रोगाचा जोर अधिक होता. टेट्रासायक्लीन गटातील मलम घराघरांत पोहोचविणे हा त्या काळातील मुख्य उपाय होता. १९७६ मध्ये हा कार्यक्रम राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात विलीन झाला. त्यानंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी या कार्यक्रमाचे लक्ष व्यापले आणि खुपरी काहीशी विस्मरणात गेली.

ती पूर्णतः गेलेली नाही याची प्रखर जाणीव निकोबार बेटांवर झाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्राच्या पथकाने २०१० मध्ये कार निकोबार येथे केलेल्या पाहणीत सुमारे निम्म्या लहान बालकांमध्ये सक्रिय खुपरी आढळली. त्यानंतर सलग वर्षे सर्व रहिवाशांना ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देण्यात आले आणि रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले. देशाच्या सरासरीत बेटावरील असा उद्रेक दिसत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष जाऊन पापण्या उलटून पाहाव्या लागतात.

२०१४ ते २०१७ या काळात याच केंद्राने जोखमीच्या जिल्ह्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण केले. सक्रिय खुपरीचे एकूण प्रमाण ०.७ टक्के आढळले. ८ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी भारत 'संसर्गजन्य ट्रॅकोमापासून मुक्त' झाल्याची घोषणा केली. ही घोषणा बालकांमधील संसर्गापुरती होती. पापणीचे केस आत वळलेल्या प्रौढांचा प्रश्न शिल्लक होता. त्यासाठी २०२१ ते २०२४ दरम्यान पूर्वी रोगग्रस्त असलेल्या २०० जिल्ह्यांत केवळ या विकाराचे स्वतंत्र सर्वेक्षण करण्यात आले. त्याच्या निष्कर्षांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

निकष काय सांगतात

संघटनेच्या निकषांनुसार पूर्वी रोगग्रस्त असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात एक ते नऊ वर्षे वयाच्या बालकांमध्ये सक्रिय खुपरीचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असावे लागते. वरच्या पापणीच्या अस्तरावर किमान अर्धा मिलिमीटर व्यासाचे पाच किंवा अधिक उंचवटे असले, तरच बालक रुग्ण गणले जाते. दुसरा निकष प्रौढांविषयी आहे. पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये केस आत वळलेल्या, आणि 'आरोग्य यंत्रणेला ज्ञात नसलेल्या' रुग्णांचे प्रमाण ०.२ टक्क्यांहून कमी असले पाहिजे. अशा रुग्णांना शोधून उपचार देत राहण्याची व्यवस्था कायम आहे, हेही देशाला दाखवून द्यावे लागते.

यातील दुसरा निकष बारकाईने वाचण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेची तारीख मिळालेला, शस्त्रक्रियेनंतर विकार उलटलेला किंवा शस्त्रक्रियेस नकार दिलेला रुग्ण हा यंत्रणेला 'ज्ञात' समजला जातो आणि तो या ०.२ टक्क्यांत मोजला जात नाही. याशिवाय, प्रौढांची संख्या दहा लाख असलेल्या जिल्ह्यात अज्ञात रुग्ण दोन हजारांच्या किंचित खाली असले, तरी निकष पूर्ण होतो. निकष चुकीचे आहेत असा याचा अर्थ नाही. उपलब्ध नेत्रतज्ज्ञांना पेलेल एवढे काम कोणते, हे ठरविणारी ती व्यवहार्य रेषा आहे. तथापि रेषेखाली येणे आणि रुग्ण संपणे या भिन्न गोष्टी आहेत.

१९९० च्या दशकापासून जगभर चार उपायांचा संच अवलंबिला जातो : आत वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, वस्तीतील सर्वांना प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता, आणि पाणी व शौचालयांची सोय. ॲझिथ्रोमायसिनची वर्षातून एक मात्रा, प्रौढांस एक ग्रॅम आणि बालकांस वजनाच्या वा उंचीच्या प्रमाणात, तोंडावाटे दिली जाते. सहा महिन्यांखालील अर्भकांना त्याऐवजी टेट्रासायक्लीनचे एक टक्का मलम सहा आठवडे, दिवसातून दोनदा लावतात. जगात खुपरीचा धोका असलेल्या प्रदेशांतील लोकसंख्या २००२ मध्ये दीड अब्ज होती, ती २०२४ मध्ये सुमारे १० कोटी ३० लाखांवर आली. रोगाचा सर्वाधिक भार इथिओपियावर आहे.

शस्त्रक्रिया हा या संचातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणावा लागेल. स्थानिक भूल देऊन वरच्या पापणीच्या आतील पट्टीला छेद घेतला जातो आणि तिची कड बाहेरच्या बाजूस फिरवून टाके घातले जातात. अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम प्रशिक्षित परिचारकही करू शकतात. गेलेली दृष्टी त्याने परत येत नाही, परंतु टोचणी थांबते आणि उरलेली दृष्टी टिकू शकते. मात्र विकार उलटण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. इथिओपियात एक हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत एका वर्षाच्या आत, वापरलेल्या पद्धतीनुसार, १३ ते २२ टक्के रुग्णांच्या पापण्यांचे केस पुन्हा बुबुळाला टेकल्याचे आढळले. याचा अर्थ एकदा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला पुनःपुन्हा तपासणीस बोलवावे लागते.

दुर्गम वस्तीतील वृद्धेला डोळ्यातील टोचणी ही वयाची व्यथा वाटते, आणि मोतीबिंदूच्या शिबिरात पापणी उलटून पाहिली जाईलच असे नाही. साध्या भिंगाने आणि विजेरीच्या उजेडात हे निदान एका मिनिटात होऊ शकते. डोळ्यात सतत काहीतरी खुपणे, उजेड सहन न होणे, पाणी वाहणे, घरी चिमट्याने पापणीचे केस काढण्याची सवय असणे, यांपैकी कोणतेही लक्षण असलेल्या वृद्ध व्यक्तीची, विशेषतः पूर्वी खुपरीचा प्रादुर्भाव असलेल्या राज्यांतील स्त्रियांची, नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी होणे आवश्यक आहे. १९७० च्या दशकात ज्यांच्या डोळ्यांत मलम घातले गेले किंवा घालायचे राहून गेले, ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत.